पोथीतील कंटाळवाणी पाने

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात सायंकाळच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचे काम पूर्ण झाले, कळस चढला. गावाने घाम गाळला आणि बाहेरगावी असलेल्या गावकऱ्यांनी हात सैल सोडला, म्हणून हा दिवस दिसला. आता या सभामंडपात दरवर्षी सप्ताह बसेल, पारायणे होतील. तेव्हा पारायणाला बसणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडणारा, पण उघडपणे कोणी न विचारणारा एक प्रश्न आज येथे मांडणे योग्य होईल.

पारायण सुरू होते तेव्हा सगळे ताठ बसलेले असतात. कथा आली, भांडण आले, देवाने धाव घेतली की माना डोलतात. पण मध्येच पोथीत एखादी लांबलचक यादी येते. राजांची नावे, वंशावळ, शंखांची नावे, देवाच्या विभूती, सज्जनांची लक्षणे. मग कोणी पाने मोजू लागतो, कोणाला डुलकी लागते, तर कोणी शेजाऱ्याला हळूच म्हणतो, "हे गाळले असते तर काय बिघडले असते? तेवढाच वेळ वाचला असता." हे म्हणणारा मनुष्य अश्रद्ध नसतो. दिवसभर शेतात राबून तो येथे येऊन बसलेला असतो. त्याच्या प्रश्नाला 'पुण्य मिळते म्हणून वाचावे' एवढेच उत्तर देणे पुरेसे नाही. त्या पानांत खरोखर काही आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

उदाहरणासाठी श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय घेऊ. गीतेचे अठरा अध्याय आणि सातशे श्लोक. पुष्कळ वाचकांना दुसऱ्या अध्यायापासून गीता खरी सुरू झाली असे वाटते. पहिल्यात काय, तर नुसती नावे. दुर्योधन द्रोणाचार्यांजवळ जातो आणि दोन्ही सैन्यांतील वीरांची नावे सांगत सुटतो. युयुधान, विराट, द्रुपद, धृष्टकेतु, चेकितान, काशिराज, पुरुजित्, कुंतिभोज, शैब्य, युधामन्यु, उत्तमौजा, अभिमन्यु आणि द्रौपदीचे पुत्र. वाचताना जीभ अडखळते आणि हाती काही लागले असे वाटत नाही.

पण हीच यादी तालुक्याच्या कचेरीत एखादा जाणता माणूस सात-बाराचा उतारा वाचतो तशी वाचून पाहावी. उतारा वाचणारा नुसती नावे वाचत नाही. कोणाचे नाव आधी आले, कोणाचे मागून आले, कोणाचे मुळीच आले नाही, हे तो पाहतो. दुर्योधनाची यादी अशी पाहिली की ती बोलू लागते.

पहिली गोष्ट ही की, तो आपल्या सैन्यापासून सुरुवात करीत नाही, शत्रूपासून करतो. शत्रूकडील पंधरांहून अधिक वीर तो नावानिशी सांगतो. आपल्या बाजूचे सांगताना मात्र द्रोण, भीष्म, कर्ण, कृप, अश्वत्थामा, विकर्ण आणि सोमदत्ताचा पुत्र, अशी सातच नावे घेतो. वास्तविक सैन्य कोणाचे मोठे होते? कौरवांचे अकरा अक्षौहिणी, पांडवांचे सात. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, असा हिशेब महाभारतातच दिला आहे. म्हणजे चार अक्षौहिणी सैन्य ज्याच्याकडे जास्त, तो समोरच्याची माणसे मोजत बसला आहे. ज्याच्या मनात धास्ती असते त्याला समोरचे घर नेहमी भरलेले दिसते. दुर्योधन भ्याला होता असे तेथे कोणी सांगत नाही, पण यादी ते सांगून जाते. आणि ही नुसती वाचणाऱ्याची कल्पना नव्हे. यादी संपताच भीष्माचार्य मोठ्याने शंख फुंकतात, तो दुर्योधनाला हर्ष व्हावा म्हणून. पितामहांनी यादी ऐकली आणि तिच्यातील भीती बरोबर ओळखली.

दुसरी गोष्ट. यादीच्या आरंभीच दुर्योधन द्रोणांना सांगतो की पांडवांचे सैन्य द्रुपदाच्या मुलाने, तुमच्याच शिष्याने रचले आहे. द्रुपदाचा मुलगा म्हणजे धृष्टद्युम्न. त्याचा जन्मच मुळी द्रोणांच्या वधासाठी झालेला, आणि तरीही द्रोणांनी त्याला विद्या दिली. हे ठाऊक असलेल्या श्रोत्याला कळते की हा गुरूला मारलेला टोमणा आहे. ज्याच्याकडून लढायचे त्याचेच मन दुखावून दुर्योधन युद्धाला उभा राहतो.

तिसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. सात नावे झाल्यावर दुर्योधन म्हणतो की याखेरीज माझ्यासाठी प्राण द्यायला तयार असलेले पुष्कळ शूर आहेत. बस्स, एवढ्यावर त्यांची बोळवण. जे जीव द्यायला आले त्यांची नावेसुद्धा त्याला घ्यावीशी वाटली नाहीत. अकरा अक्षौहिणी माणसे 'इतर पुष्कळ' या दोन शब्दांत गेली. ज्या यादीला आपण कंटाळतो तिच्यात राजाचा स्वभाव असा उघडा पडला आहे.

यानंतर शंखांची नावे येतात. श्रीकृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक. आता कोणी म्हणेल, शंख कोणता हे कळून उपयोग काय? येथे हे सगळे कोण कोणाला सांगत आहे ते आठवावे. सांगणारा संजय आणि ऐकणारा धृतराष्ट्र. धृतराष्ट्र जन्मांध. डोळ्यांनी न पाहणाऱ्या बापाला रणांगण दाखवायचे तर पताकांचे रंग सांगून काय होणार? त्याला आवाज सांगावा लागतो. कोणाचा शंख वाजला, मग कोणाचा वाजला, आणि त्या नादाने तुझ्या मुलांची काळजे कशी फाटली, हे सांगावे लागते. आपल्या गावात एखादी दृष्टी गेलेली म्हातारी आजी अंगणात बसून नुसत्या चाहुलीवरून कोण आले, कोण गेले हे ओळखते. तिच्या कानांनी हे श्लोक ऐकले तर शंखांची यादी लांब वाटणार नाही.

आता याच अध्यायातील दुसरी यादी पाहावी. अर्जुनाच्या सांगण्यावरून श्रीकृष्ण रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा करतात. अर्जुन पाहतो. माणसे तीच आहेत, पण येथे एकाचेही विशेषनाम नाही. त्याला दिसतात ते वडीलधारे, आजे, गुरू, मामा, भाऊ, मुले, नातवंडे, सोबती, सासरे. पुढे तो स्वतः बोलतो तेव्हा मेहुणेही आठवतो. दुर्योधनाच्या यादीत द्रुपद हा महारथी होता, अर्जुनाच्या नजरेला तोच सासरा आहे. द्रोण एकाला सेनेतील मोहरा वाटतो, दुसऱ्याला गुरू वाटतो. पहिला मोजदाद करतो आणि दुसरा नाती पाहतो. मोजदाद करणाऱ्याला लढाई सोपी वाटते, नाती पाहणाऱ्याच्या हातून धनुष्य गळून पडते. ही दुसरी यादी कळली नाही तर अर्जुन खाली का बसला हे कळत नाही, आणि ते कळले नाही तर पुढचे सतरा अध्याय कशासाठी सांगितले हेही कळत नाही. 'गीता खरी सुरू होते दुसऱ्यापासून' म्हणून पहिला अध्याय गाळणारा, रोग न ऐकताच औषध घेणारा ठरतो.

या नावांचे पुढे काय झाले, हेही महाभारत विसरत नाही. अभिमन्यु चक्रव्यूहात पडला. युधामन्यु, उत्तमौजा आणि द्रौपदीचे पाचही पुत्र युद्ध संपल्याच्या रात्री अश्वत्थाम्याच्या हातून मारले गेले. विकर्ण हा दुर्योधनाचा सख्खा भाऊ, पण द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने उठून बोलणारा तो एकटाच कौरव. तोही भीमाच्या हातून पडला. आणि शेवटी स्त्रीपर्वात त्या मेलेल्यांच्या आया-बायका रणांगणात येतात. गांधारी एकेकाचे नाव घेऊन श्रीकृष्णाला दाखवते. हीही यादीच, पण ती रडत वाचली जाणारी यादी आहे. पहिली यादी ज्याने डुलक्या घेत ऐकली, त्याला या शेवटच्या यादीतील माणसे परकी राहतात.

त्यातही एक नाव विशेष लक्षात घ्यावे. दुर्योधनाने आपल्या बाजूच्या सात नावांत कर्णाचे नाव घेतले होते. युद्धानंतर गंगेच्या काठी मृतांना पाणी देण्याची वेळ आली, तेव्हा कुंतीने पांडवांना सांगितले की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. म्हणजे एका माणसाची नोंद सगळा जन्म चुकीच्या खात्यावर राहिली, आणि ती दुरुस्त झाली ती तो गेल्यावर, एका आईच्या तोंडून. यादीतील एका नावाची किंमत किती असते, हे येथे समजते.

आता दहावा अध्याय पाहू, विभूतियोग. यातही यादी. वृक्षांत पिंपळ, नद्यांत गंगा, पक्ष्यांत गरुड, महिन्यांत मार्गशीर्ष, ऋतूंत वसंत, अक्षरांत अकार, यज्ञांत जपयज्ञ, मोजणाऱ्यांत काळ. ऐकणारा म्हणतो, 'देव सगळीकडे आहे' एवढे सांगितले असते तरी पुरे होते. पण ही यादी देवाने आपण होऊन सांगितलेली नाही. अर्जुनाने विचारले होते की तुझे चिंतन करायचे तर कोणकोणत्या वस्तूंत करू? हा साध्या प्रापंचिक माणसाचा प्रश्न आहे. सगळीकडे असलेला देव नजरेत मावत नाही, त्याला कोठेतरी धरायला खुंटी लागते. म्हणून देवाने पाराजवळचा पिंपळ दाखवला, वाहते पाणी दाखवले. समासांत आपण द्वंद्व आहोत असे देव सांगतो. शाळेतले व्याकरण आठवत असेल तर 'आईबाप' हा द्वंद्व समास. त्यात आईही मुख्य आणि बापही मुख्य, कोणी कोणाखाली नाही. इतक्या समासांतून देवाने निवडावा तो बरोबरीचा समास, ही गोष्ट घाईने वाचणाऱ्याच्या हातून निसटते. कपट करणाऱ्यांचे द्यूतही या यादीत आहे, हे ऐकून चमकायला होते. म्हणजे ही निव्वळ गोड गोड वस्तूंची यादी नाही. आणि शेवटी देवच अर्जुनाला म्हणतो की इतके सगळे जाणून तरी काय करायचे, आपल्या एका अंशाने हे सगळे जग धरून ठेवले आहे. म्हणजे यादी अपुरी आहे हे यादी सांगणाराच कबूल करतो. पुढची ओळ ज्याची त्याने आपल्या शिवारात, आपल्या घरात पाहून भरायची.

तिसरे उदाहरण आपल्या माउलींच्या ज्ञानेश्वरीतले. ही टीका शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवासे येथे पूर्ण झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाच्या सुमारे वीस लक्षणांची यादी पाच श्लोकांत आली आहे. त्यात 'अहिंसा' हा एक शब्द. गीतेने त्याला एकच शब्द दिला, पण ज्ञानेश्वरांनी त्यावर शंभराच्या वर ओव्या खर्च केल्या. पारायणात तेरावा अध्याय आला की म्हणूनच काही मंडळी धास्तावतात, कारण या अध्यायाच्या ओव्या अकराशेंहून अधिक आहेत.

पण ज्ञानेश्वर काय करतात ते पाहावे. ते आधी सांगतात की अहिंसेच्या नावाखाली जे चालते ते सगळेच अहिंसा नव्हे. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण करावे, तसे काही प्रकार असतात. मग खरी अहिंसा कशी ओळखायची? ते एकेक अवयव घेतात. असा माणूस चालतो कसा, तर कमळावर भुंगा पाय ठेवतो आणि आतला केसर दुखावेल म्हणून जपतो, तसा. तो बोलतो कसा, पाहतो कसा, त्याचे हात काय करतात, त्याचे मन कसे असते. 'अहिंसा करावी' हे ऐकून मान डोलावणे सोपे. पण पायाखाली काय येते, सुनेशी बोलताना आवाज कसा निघतो, गड्याकडे डोळे कसे पाहतात, येथवर ती यादी आली की ऐकणाऱ्याला पळायला जागा राहत नाही. विस्ताराचे काम हेच. मोठा शब्द आहे तसाच ठेवला तर तो देव्हाऱ्यात बसतो, आणि बारीक करून सांगितला तर चुलीपर्यंत येतो. पूर्वी आयाबाया पहाटे जात्यावर बसत. एका फेऱ्यात मूठभरही पीठ पडत नसे, तरी म्हणून फेरा कोणी गाळत नव्हते.

ज्या पानांना आपण कंटाळतो, ती पाने आपल्यापर्यंत आणणाऱ्यांनीही विचार करावा असे कष्ट केले आहेत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढे चुका शिरल्या, पाठ बिघडले, तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, ग्रंथ शुद्ध केला. ग्रंथ शुद्ध करणे म्हणजे ओळ ओळीशी ताडून पाहणे. अलीकडच्या काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ साली ती पूर्ण केली. बाराशेंवर हस्तलिखिते तपासली गेली. त्या विद्वानांनी 'ही तर नुसती नावांची यादी' म्हणून पाने उलटली नाहीत. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी तेथेच बसून उतरवून घेतली, म्हणून आज घरोघर वाचता येतात. श्रीगणेशाने व्यासांचा लेखक होताना अट घातली की लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही, अशी कथा आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. पारायण करणाऱ्यालाही व्यासांची ती अट लागू आहे असे मानायला हरकत नाही.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पोथीतील प्रत्येक कंटाळवाण्या ओळीत गूढ अर्थ दडलेला असतो, असे समजून ओढूनताणून अर्थ काढणे हेही बरे नाही. धर्मग्रंथांत आचारांच्या ज्या लांब याद्या आहेत, त्यांत त्या काळचे पुष्कळ काही आहे. कोणी कोणाला शिवावे, कोणी शिवू नये, बाईने काय करू नये, असे नियमही त्यांत आढळतात. त्यांचा गोड अर्थ लावत बसण्याचे कारण नाही. पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले आणि दार उघडले. १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली. तेव्हा अशी पाने वाचताना, हे असे होते आणि ते आपण टाकले, असे म्हणून पुढे जावे. ज्ञानेश्वरांनीही अहिंसा सांगताना यज्ञातील हिंसेला बोल लावलाच की. पान झाकणे वेगळे आणि वाचून नाकारणे वेगळे. झाकलेले पान पुन्हा कधीतरी आपल्याला न कळत उघडते.

मग पारायणाला बसणाऱ्याने करावे काय? तीन साध्या गोष्टी करता येतील. पहिली, यादी आली की विचारावे, हे कोण कोणाला सांगतो आहे? दुर्योधन द्रोणाला सांगतो, संजय आंधळ्या राजाला सांगतो, देव विचारणाऱ्या भक्ताला सांगतो. एवढे लक्षात आले की अर्धा कंटाळा जातो. दुसरी, यादीतील एकच नाव धरावे आणि त्याची हकिकत घरातील वडीलधाऱ्यांना किंवा कीर्तनकार बुवांना विचारावी. दर सप्ताहाला एक नाव धरले तरी दहा वर्षांत दहा माणसे ओळखीची होतील. तिसरी, वाचन संपल्यावर व्यासपीठचालकांनी दहा मिनिटे त्या दिवसाच्या अवघड भागावर बोलावे, आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी प्रश्न विचारावेत. वेळ कमी पडत असेल तर सत्कार आणि हारतुरे आवरते घ्यावेत, पण पोथीतील पाने गाळू नयेत.

शेवटी आपल्या याच स्मरणिकेकडे पाहावे. या पुस्तिकेच्या मागच्या बाजूस देणगीदारांची यादी छापली आहे. परगावच्या माणसाला ती सगळ्यात कंटाळवाणी वाटेल, तो ती उलटून पुढे जाईल. गावचा माणूस मात्र पुस्तिका हाती पडताच आधी तेच पान काढील. आपले नाव पाहील, भावाचे पाहील, मुंबईला गेलेल्या चुलत्याचे पाहील. एखादी आई मरण पावलेल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीपुढे त्याचे नाव छापलेले पाहील आणि त्यावर बोट ठेवून बसेल. पान तेच, नावे तीच. ज्याचे नाते आहे त्याला ते पान कंटाळवाणे नाही. पोथीतील पानांचेही असेच आहे.

म्हणून जीर्णोद्धार समितीला एक विनंती आहे. मोठी रक्कम देणारे सगळे आले आहेत. पण ज्यांनी पैसे न देता दगड वाहिले, वाळू चाळली, आपल्या बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने फेऱ्या केल्या, ज्या बायांनी कामावरच्या मंडळींना भाकरी पुरवल्या, त्यांना 'व इतर ग्रामस्थ' या शब्दांत बसवू नये. जागा कमी पडली तर अक्षर बारीक करावे, पण नावे घालावीत. 'इतर पुष्कळ' म्हणून माणसे संपवण्याची रीत दुर्योधनाची होती. मंदिर ज्याचे आहे त्या देवाने मात्र विचारणाऱ्या भक्ताला पिंपळापासून अकारापर्यंत एकेक नाव घेऊन सांगितले.

पुढच्या सप्ताहात पहिला अध्याय आला, की कोणी पाने मोजू नयेत. युयुधान, विराट, द्रुपद अशी नावे कानांवर पडतील. त्यातले प्रत्येक जण कोणाचा तरी मामा, कोणाचा सासरा, कोणाचा लेक होता, एवढे मनात ठेवून ऐकावे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!